नावं माझी, स्टार त्याचे

पत्र पाच पानी होतं. काटछाट करून देते, चौकोनी कंसातले खुलासे माझे:

"ताई, मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वय ३१. चार वर्षं रात्री जागून टाइपस्क्रिप्टमध्ये [जावास्क्रिप्टवर बेतलेली भाषा] डेटाबेस अ‍ॅब्स्ट्रॅक्शनची लायब्ररी [इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड] लिहिली. एकच कोड पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल, या चारही डेटाबेसवर चालतो. ऑफिसात क्नेक्स [जावास्क्रिप्टची अशीच एक लायब्ररी] वापरून हात बसला होता, त्यामुळे क्वेरी बिल्डर [डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, रचून देणारा भाग] साधारण त्याच अंगानं गेला. परवाना एमआयटी. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं पीआर [दुसऱ्याच्या कोडमध्ये सुचवलेला बदल, मूळ लेखकानं तपासून घ्यायचा] पाठवला होता. एसक्यूएल सर्व्हरवर 'ऑर्डर बाय' [ओळी कोणत्या क्रमानं हव्यात ते] दिलं नाही की पेजिनेशन [निकाल पानापानांनी दाखवणं] फुटायचं, त्याची दुरुस्ती. तेव्हा घरी आईचं आजारपण होतं, पाच महिने बघणं झालं नाही. नंतर राहूनच गेलं, तो पीआर अजून उघडा आहे. गेल्या वर्षी त्या मुलानं स्वतःची लायब्ररी काढली. फंक्शनांची नावं तीच. ड्रायव्हर [एकेका डेटाबेसशी बोलणारा भाग] वेगळे ठेवायची पद्धत तीच. टेस्टच्या एका फाइलमध्ये तर माझी कमेंट जशीच्या तशी आहे, 'सेपरेट'च्या स्पेलिंगमध्ये 'ए'च्या जागी मी चुकून 'ई' टाकला होता, त्या चुकीसकट. आणि रीडमीत [लायब्ररीची ओळख करून देणारं पान] लिहितो, 'पायापासून नव्यानं विचार करून लिहिलेली.' माझं नाव कुठेच नाही. मला १६० स्टार [गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर लोक पसंती म्हणून देतात ते], त्याला चार हजार. मित्र म्हणतात जाहीर पोस्ट टाक, उघडा पाड त्याला. बायको म्हणते सोड. झोप उडाली आहे. काय करू?"
— रात्रपाळीवाला, पुणे

रात्रपाळीवाल्या,

ताई म्हणालास, म्हणून अरेतुरे करते आहे. पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात त्या मुलाचा संताप आला. दुसऱ्या वाचनात तीन-चार वाक्यांपाशी अडखळले आणि संतापाची जरा फेरवाटणी करावी लागली.

फंक्शनांच्या नावांपासून सुरुवात करू, कारण पाचांपैकी दोन पानं तू त्यावर खर्च केली आहेस. हात क्नेक्सवर बसला होता, हे तूच लिहिलंस. आता क्नेक्सचा हात कुठे बसला होता ते बघ. त्याचा कर्ता टिम ग्रीसरनं आभाराच्या मजकुरात स्वतःच सांगून टाकलं आहे की बिल्डरची लिहिण्याची पद्धत आणि बराचसा कोड मुळात टेलर ऑटवेलच्या लारावेल या पीएचपी भाषेतल्या फ्रेमवर्कच्या क्वेरी बिल्डरवरून आला. म्हणजे माल पीएचपीच्या गावाहून निघाला, जावास्क्रिप्टच्या गावात उतरला आणि तिथून तुझ्या घरी आला. आणि 'सिलेक्ट', 'फ्रॉम', 'व्हेअर' हे शब्द तर आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली 'सीक्वेल' नावानं जी भाषा मांडली, म्हणजे आजचं एसक्यूएल, तिथले. तुझ्या 'व्हेअर'वर तुझा हक्क किती, तर पोह्यांवर माझा आहे तितका.

एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या रीडमीत क्नेक्सचं नाव आहे का? पत्रात तसं काही दिसलं नाही. नसेल तर ही एक ओळ आज घाल. त्या मुलाशी बोलायच्या आधी.

ड्रायव्हर वेगळे ठेवण्याचंही तेच. पर्ल या भाषेच्या चौथ्या आवृत्तीच्या काळात ओरॅकलसाठी ओरापर्ल, सायबेससाठी सिबपर्ल, इंग्रेससाठी इंगपर्ल असा प्रत्येक डेटाबेसचा सवतासुभा होता. १९९२ च्या सुमाराला यातली मंडळी एकत्र बोलू लागली, सगळ्यांना मिळून एकच दार ठेवता येईल का म्हणून. त्यातून टिम बन्स यांचं डीबीआय उभं राहिलं. वर सगळ्यांना एकसारखा दिसणारा थर, खाली प्रत्येक डेटाबेसचा आपापला ड्रायव्हर. आज तुझ्या लायब्ररीत आहे तो सांगाडा हाच. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की डीबीआयच्या ओरॅकल ड्रायव्हरबरोबर ओरापर्लची नक्कल करणारं एक मोड्यूल दिलं होतं. जुन्या स्क्रिप्टा मोडू नयेत म्हणून. ज्याला मागे टाकलं त्याच्या ग्राहकांचीही सोय बघितली. असं आता कोण करतं?

आता माझी गोष्ट. मी हे सगळं शहाणपण पुस्तकातून आणलेलं नाही.

२००३ साली मी एका छोट्या कंपनीत पीएचपी लिहायचे. पीएचपी ४ मध्ये प्रत्येक डेटाबेसची फंक्शनं वेगळी. मायएसक्यूएलची वेगळी, पोस्टग्रेसची वेगळी, ओरॅकलची तर अगदीच वेगळ्या वळणाची. ग्राहक बदलला की अर्धा कोड परत लिहायचा. या जाचातूनच त्या काळात जो तो आपापली लायब्ररी काढत होता. मानुएल लेमोस यांची मेटाबेस होती. मलेशियातल्या जॉन लिम यांची एडीओडीबी होती, मायक्रोसॉफ्टच्या एडीओ या डेटाबेस-लायब्ररीच्या धर्तीवरची, आणि ते तिच्या नावातच उघड होतं. स्टिग बाकेन यांनी सुरू केलेली पेअर डीबी होती. कोणती वेगवान, कोणती खरी पोर्टेबल, कुणी कुणाचं बघून केलं, यावर लोक हिरिरीनं भांडत. मी पण भांडायचे. आणि मी काय केलं? चौथी लिहिली. एकच क्लास, बाराशे ओळी, आणि अभिमान असा की जणू पहिला डेटाबेस मीच पाहिला.

शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी नोकरी सोडून गेला आणि सहा महिन्यांनी कळलं की नव्या कंपनीत त्यानं 'स्वतःची' लायब्ररी लिहिली आहे. एका ओळखीच्याकडून मी तो कोड मिळवला (कसा ते विचारू नकोस), प्रिंट काढली आणि पिवळा हायलायटर घेऊन बसले. एक ओळ तर रंगेहाथ सापडली. मायएसक्यूएलमध्ये ओरॅकलसारखा सीक्वेन्स, म्हणजे ओळीनं पुढचा नंबर देणारी सोय, नव्हता, म्हणून एका ओळीचं एक टेबल करायचं आणि प्रत्येक वेळी 'लास्ट इन्सर्ट आयडी'ला आयडी अधिक एक देऊन ते अपडेट करायचं, म्हणजे पुढचा नंबर सुरक्षित हाती येतो. हीच युक्ती, हीच ओळ, माझ्या फाइलीत. मी पुराव्यासह सगळ्यांना सांगत सुटले. दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या लग्नाला गेले नाही.

मग एकदा कामासाठी एडीओडीबीचा मायएसक्यूएल ड्रायव्हर उघडला. ती ओळ तिथे. पेअर डीबीचा उघडला. तिथेही. आणि मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये, लास्ट इन्सर्ट आयडीच्या पानावर, ती ओळ उदाहरण म्हणून छापलेली. तेव्हा आठवलं की मीही ती तिथूनच उचलली होती. चार लायब्ऱ्यांची एकच आई, आणि मी मात्र बहिणीवर चोरीचा आळ घेऊन बसले होते.

त्या प्रिंटमधली दुसरी एक गोष्ट मी तेव्हा हायलायटरच्या धुंदीत पाहिलीच नव्हती. आमचा एक फॉर्म होता, नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा. वडिलांचं नाव कुणी रिकामं सोडलं तर मायएसक्यूएलवर बिनबोभाट जायचं. ओरॅकलवर गेलो आणि 'ओआरए-०१४००, नल घालता येत नाही' अशी एरर. कुणी नल घालतच नव्हतं! तीन दिवस डोकं आपटल्यावर कळलं की ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगलाच, म्हणजे एकही अक्षर नसलेल्या मजकुरालाच, नल (माहितीच नाही) समजतो. कॉलम 'नॉट नल' असेल तर रिकामी जागा चालत नाही. मी काय केलं, तर त्या एका फॉर्ममध्ये वडिलांच्या नावाच्या जागी एक डॅश घातला आणि हात झटकले. अजूनही कुठल्या तरी सरकारी यादीत माझ्या कृपेनं काही लोकांच्या वडिलांचं नाव डॅश असेल. त्या सहकाऱ्यानं मात्र आपल्या लायब्ररीत यासाठी वेगळी सोय केली होती. वाचताना ओरॅकलकडून नल आलं तर रिकामी स्ट्रिंग करून द्यायची, आणि लिहिताना कुठल्या कॉलमला हे चालणार नाही हे आधीच सांगायचं. पेअर डीबीमध्येही पुढे नलचं रिकामं करून देणारा पर्याय आला, आणि त्याचं कारण म्हणून ओरॅकलचंच नाव मॅन्युअलमध्ये आहे.

माझ्या बाराशे ओळींमध्ये माझं स्वतःचं काय होतं, तर तो डॅश. त्याचं स्वतःचं होती ती नलची सोय, पाऊणशे ओळींची. डेटाबेस जिथे एकमेकांशी सहमत आहेत तिथे सगळ्या लायब्ऱ्या सारख्याच दिसणार, दुसरं काय होणार. अक्कल लागते ती ते भांडतात तिथे, आणि तिथे प्रत्येकाला स्वतः काही तरी ठरवावं लागतं. तुझी चार वर्षं कुठे गेली असतील तर तिथेच. पत्रात त्याबद्दल एक वाक्य नाही. नावांबद्दल दोन पानं आहेत.

त्या तीन पीएचपी लायब्ऱ्यांचं पुढे काय झालं तेही सांगते. लुकास स्मिथ यांनी मेटाबेस आणि पेअर डीबी या दोन भांडणाऱ्या घरांची सोयरीक करून एमडीबी काढली, मग एमडीबी२. एडीओडीबी मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या सॉफ्टवेअरच्या पोटात कित्येक वर्षं राहिली, मूडलनं २.० मध्ये स्वतःची व्यवस्था करेपर्यंत. आणि २००५ च्या शेवटी पीएचपी ५.१ बरोबर पीडीओ आलं, थेट भाषेतच बसवलेलं. पीडीओनं गंमत केली. त्यानं एसक्यूएल बदलून द्यायचं नाकारलंच. मॅन्युअलमध्ये साफ लिहिलं आहे की हे डेटाबेस अ‍ॅब्स्ट्रॅक्शन नाही, तुमची क्वेरी आम्ही फिरवून लिहिणार नाही आणि नसलेली सोय उसनी आणणार नाही. ज्या गोष्टीवरून आम्ही पाच वर्षं डोकी फोडली ती त्यांनी टेबलावरूनच उचलून बाजूला ठेवली. नवेपणा असाही असतो, काय करायचं नाही ते ठरवण्याचा.

आता ती टेस्टची फाइल. इथे मात्र मी शंभर टक्के तुझ्या बाजूची आहे.

स्पेलिंगची चूक काही डेटाबेस शिकवत नाही. ती मॅन्युअलमध्ये नसते, दोघांना एकाच वेळी सुचत नाही. फाइल उचलली आहे. उचलायलाही हरकत नव्हती, एमआयटी परवाना त्यासाठीच असतो. घ्या, बदला, विका, काहीही करा. अट एकच, की कोडची प्रत किंवा त्याचा मोठा भाग जिथे जाईल तिथे मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर बरोबर गेला पाहिजे. तेवढंच त्यानं केलं नाही. अभंगाचा छंद कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही लिहावा. पण 'तुका म्हणे' पुसून आपलं नाव घालणाऱ्या सालोमालोवर खुद्द तुकोबा चिडले होते, आणि चांगलेच चिडले होते. म्हणजे तुझ्या चिडण्याला परंपरा आहे.

मात्र कोर्टाबिर्टाचं मनात असेल तर काढून टाक. मी वकील नाही, पण फंक्शनांच्या नावांवरून भांडण किती लांबतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. जावा भाषेच्या एपीआयमधल्या, म्हणजे फंक्शनांना हाक मारायच्या नावांच्या यादीतल्या, सुमारे साडेअकरा हजार ओळी गूगलनं अँड्रॉइडसाठी घेतल्या म्हणून ओरॅकलनं २०१० साली दावा लावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सहा विरुद्ध दोन असा गूगलच्या बाजूनं निकाल दिला, हा रास्त वापर आहे म्हणून. अकरा वर्षं! त्यांच्याकडे वकिलांच्या फौजा होत्या. तुझ्याकडे १६० स्टार आहेत.

जाहीर पोस्टही नको. बायको 'सोड' म्हणते तेही अर्धंच बरोबर आहे, नाव लावून घेण्याचं सोडू नकोस. पण पोस्ट टाकलीस तर काय होईल ते मला आत्ता दिसतं आहे. पहिल्या तासात तुझे मित्र येतील. दुसऱ्या तासात कुणी तरी तुझी लायब्ररी उघडून क्नेक्सची नावं शेजारी ठेवेल. तिसऱ्या तासात कुणाला तरी तो दोन वर्षं उघडा पडलेला पीआर सापडेल, आणि मग ती पोस्ट त्याच्याबद्दल उरणार नाही.

त्याला खाजगीत लिही. आठ-दहा ओळी, जास्त नाही. 'अमुक फाइल, अमुक ओळ, ही माझ्या लायब्ररीतून आली आहे, कमेंटमधली चूकही माझीच आहे. एमआयटी परवान्याप्रमाणे माझी कॉपीराइटची ओळ त्या फाइलवर किंवा परवान्याच्या फाइलमध्ये लाव.' दोन्ही दुवे दे. चोरी हा शब्द नको. नावांचा विषय नको. रीडमीतल्या 'नव्यानं विचार'चाही नको, फुशारकी मारायला बंदी नाही. हवं तर शेवटी एक ओळ, की रीडमीत उल्लेख केलास तर आनंद वाटेल. ही विनंती, वरची मात्र मागणी, हा फरक वाक्यात दिसू दे. पंधरा दिवस थांब. बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोन दिवसांत येतं आणि त्यात ओशाळलेपणा असतो, कारण अशा गोष्टी बऱ्याचदा कॉपी-पेस्ट करून 'नंतर बघू' म्हणून राहून गेलेल्या असतात. राहून जाणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. उत्तर नाहीच आलं तर त्याच्या गिटहबवर सभ्य भाषेत इश्यू उघड, तोच मजकूर. त्यापुढे गिटहबकडे रीतसर तक्रार करण्याची वाट आहेच, पण तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही.

आणि चार हजार स्टारांबद्दल. मी त्याची लायब्ररी पाहिलेली नाही, तू नाव दिलं नाहीस ते बरं केलंस. पण माझा अंदाज सांगू? लोक त्याच्याकडे गेले ते नावांसाठी नाही. त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर आलं, म्हणून गेले. तुला हे जमलं नाही, कारण आई आजारी होती. तो दोष नाही. पण रीडमीच्या वर दोन ओळी लिहिता आल्या असत्या, की सध्या घरी अडचण आहे, पीआर बघायला वेळ लागेल. त्या मुलानं तुझ्यासाठी काही तरी बसून लिहिलं होतं, तुझ्या ओसरीवर येऊन उभा राहिला होता. पाच महिने कुणी पाणीही विचारलं नाही, मग त्यानं शेजारी स्वतःचं घर बांधलं. घर बांधताना तुझ्या चार विटा नेल्या, ते चुकलंच. पण तो आला होता पाहुणा म्हणून, हे पत्रात तूच लिहिलं आहेस, आणि तेही तिसऱ्या पानाच्या तळाशी, कंसात.

म्हणून त्याला लिहायच्या आधी एक काम कर. तो पीआर उघड आणि नीट वाच. एसक्यूएल सर्व्हरला 'ऑफसेट' (इतक्या ओळी सोडून पुढच्या दे) द्यायचं तर 'ऑर्डर बाय' लागतंच, त्याशिवाय तो क्वेरी घेत नाही. वापरणाऱ्यानं क्रम दिलाच नसेल तर लायब्ररीनं काय करायचं? 'ऑर्डर बाय सिलेक्ट नल' अशी पळवाट घातली तर एरर जाते, पण क्रमाची हमी राहत नाही. तोच ग्राहक पहिल्या पानावरही दिसू शकतो आणि तिसऱ्यावरही, आणि एखादा कुठेच दिसत नाही. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची स्वतःची ओळख, शोधून तिच्यावर क्रम लावता येतो, पण जॉइन असला, म्हणजे दोन टेबलं जोडलेली असली, तर कुठल्या टेबलाची की? की सरळ एरर द्यायची आणि म्हणायचं, बाबा रे, क्रम तूच सांग? मी तिसरं केलं असतं. त्यानं पीआरमध्ये यातलं काय केलं होतं, आणि पुढे स्वतःच्या लायब्ररीत तेच ठेवलं की बदललं, ते बघून मला कळव. तू काय केलं असतंस तेही लिही.